डाव्या रांगेतले आकडे

माझ्या थोरल्या साडूंनी मला आजवर जेवढे धक्के दिले तेवढे उघड्या वायरीने दिले असते, तर एव्हाना भिंतीवर माझा हार घातलेला फोटो लागला असता. मी मुरबाडच्या शाळेत पंचवीस वर्षं मराठी शिकवतोय. मुलांचे निबंध तपासून तपासून काळीज बऱ्यापैकी घट्ट झालेलं आहे. तरीही शहापूर तालुक्यात शेणव्याला साडूंकडे जायचं म्हटलं की मी घरातून पाणी पिऊन निघतो. तिथे काय बघायला मिळेल याचा नेम नसतो. एकदा गेलो तर हे गृहस्थ विहिरीच्या पंपाला कान लावून उकिडवे बसलेले. मी घाबरून विचारलं, "दादा, काय झालं?" तर हाताने मला थोपवत म्हणाले, "गप. तो बोलतोय." कोण बोलतोय हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी मुकाट ओसरीवर जाऊन बसलो. ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, चहा पुढे केला आणि नवऱ्याकडे न बघताच सांगितलं, "घ्या भावोजी. त्यांचा जरा टाइम लागेल."

साडूंची शेणव्यात भात भरडायची गिरणी आहे. दिवाळीच्या सुमाराला खळी झाली की आजूबाजूच्या पाड्यांतून भाताच्या गोणी यायला लागतात आणि गिरणीबाहेर बायामाणसांची रांग लागते. आत शिरलं की कोंड्याने नाक बंद आणि आवाजाने कान बंद. निदान माझे तरी. साडूंचे कान मात्र तिथेच उघडायचे. बेअरिंग कोरडं पडलं की बारीक शिट्टी वाजते, पट्टा सरकायला लागला की चरचर होते, भातातून खडा गेला की टक्क. एवढ्या दणदणाटात त्यांना हे सगळं वेगवेगळं ऐकू येतं म्हणे. मी प्रथम ऐकलं तेव्हा थाप समजलो होतो. ते म्हणायचे, "मास्तर, गिरणी डोल्यानं चालवली तं बोटं जातात. गिरणी कानानं चालवायची." आणि याच्या पाठोपाठ त्यांची एक प्रतिज्ञा ठरलेली असायची, शेणव्यातल्या लहान मुलांनाही ती पाठ होती. "ज्या दिवशी माजा कान फसला, त्या दिवशी गिरणीला कुलूप. लोकांचं भात नासवायला नाय बसलो आमी." हे सांगताना ते खुंटीला टांगलेलं एक भलंमोठं पितळी कुलूप दाखवायचे. ते त्यांनी गिरणी सुरू केली त्याच दिवशी आणून ठेवलं होतं. धंद्याच्या मुहूर्ताला कुलूप विकत घेणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

त्यांच्या कानाचे मासले सांगायला बसलो तर माझ्यावरच कुणी विश्वास ठेवणार नाही. माझी स्कूटर अजून वळणापलीकडे असायची आणि साडू घरातून ओरडायचे, "मास्तर, डाव्या बाजूचा नट सैल हाय!" खर्डीला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, सगळे अक्षता घेऊन उभे, आणि साडू मुठीतल्या अक्षतांसकट मांडव सोडून चालते झाले. मी शरमेने मेल्यागत झालो. बघतो तर हे मांडवामागे जनरेटरवाल्याशी हुज्जत घालताहेत, "बंद कर नि तेल दे, नाय तं जाईल हा." तो कशाला ऐकतो! तिसऱ्या मंगलाष्टकाला जनरेटर गेला. भटजी अंधारात, नवरा-नवरी अंधारात, आणि साडू माझ्या कानाशी शांतपणे, "दोन मिनिटं जास्तच खेचला त्यानं." मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत तर कहर केला. बैल घ्यायला आलेल्या अगदी परक्या माणसाला बाजूला सारून त्यांनी बैलाच्या बरगडीला कान लावला, डोळे मिटले, आणि जाहीर केलं, "घेऊ नको. छातीत घरघर हाय." विकणारा काठी घेऊन आमच्या मागे लागला. मी चप्पल तिथेच सोडून पळालो. साडू मात्र चालतच आले आणि येताना माझी चप्पल घेऊन आले.

तर अशा माणसाने दोन वर्षांपूर्वी मला फोन करून सांगितलं, "मास्तर, आमी कॉम्पुटर बांधला." घर बांधलं, गोठा बांधला, इतकं आपण ऐकलेलं असतं. मी पहिल्या गाडीने शेणवं गाठलं. मोबाइलवर बघून बघून आणि कल्याणच्या दुकानदाराचं डोकं खाऊन त्यांनी एकेक भाग आणला होता, आणि गिरणीला लागून असलेल्या खोलीत हा संसार थाटला होता. भाग बसवायला पेटी हवी, म्हणून त्यांनी घेतली होती ताईंची लग्नातली पत्र्याची ट्रंक. निळ्या रंगाची, झाकणावर कमळ काढलेली. त्या ट्रंकेला पुढून दोन आणि मागून दोन अशी चार मोठी भोकं पाडून त्यांत चार पंखे बसवले होते. पुढचे दोन वारा आत ओढणार, मागचे दोन बाहेर टाकणार. "खल्यावर उफणताना कसं, पाठीशी वारा धरतो नि कोंडा समोर उडतो. इथं तसाच, फक्त गरमी उडते," असं त्यांनी मला समजावलं. मला ट्रंकेकडे बघवेना. ताई म्हणाल्या, "माज्या आईनं दिलेली. आता तिला पंखे फुटले."

मी भीत भीत विचारलं, "याच्यावर करणार काय, दादा? गिरणीचा हिशोब?"

"नाय."

"मग मुलांचे फॉर्म भरणार? सिनेमे?"

"नाय वो. ह्यो बघा." त्यांनी पडदा चालू केला. काळ्या पडद्यावर मोठाले चार आकडे. नऊशे साठ, नऊशे ऐंशी, अकराशे दहा, अकराशे पाच. मधून मधून हलणारे. "एका मिनिटात पंखे किती फेरे मारतात ते दिसतं."

"कुठले पंखे?"

"याचेच."

म्हणजे हा कॉम्प्युटर दिवसभर स्वतःचे पंखे मोजत बसणार होता आणि त्याला मोजताना बघायला साडू बसणार होते. त्याला दुसरं कामच नव्हतं. मला गरगरायला लागलं. गावातली माणसं येऊन बघून जात, थोडा वेळ मान हलवत आणि चहा न घेताच निघत. साडूंनी पंख्यांना नावंसुद्धा ठेवली होती, घरी होऊन गेलेल्या बैलांची. पुढचे दोन सरदार आणि मोरा, मागचे हरण्या आणि बाळ्या. "सरदार आज दुपारी तेराशेला गेला, उकडत हाय त्याला," हे त्यांनी मला अशा सुरात सांगितलं की मी क्षणभर गोठ्याकडे बघितलं.

पण खरा खेळ पुढेच होता. साडू पडद्याकडे पाठ करून खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे, एका पंख्याचा आवाज धरायचे आणि आकडा बोलायचे. "सरदार, हजार वीस." मग वळून बघायचे. पडद्यावर हजार तीस! मी तोंडाचा आ करून उभा. मग ते कोळशाने भिंतीवर दोन आकडे लिहायचे, डावीकडे कानाने सांगितलेला आणि उजवीकडे पडद्यावरचा. रोज सकाळी एक जोडी. "कानाची परीक्षा," ते म्हणाले. "गिरणीत कोन परीक्षा घेणार? हितं खोटं चालत नाय." आपल्याच कानाचा पेपर काढायला माणूस ट्रंकेला भोकं पाडतो, हे मी शिक्षक असून मला आयुष्यात सुचलं नसतं. डाव्या आणि उजव्या रांगेतला फरक तेव्हा दहा-वीसच्या वर नसायचा. मी पैकीच्या पैकी दिले.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचे फोन सुरू झाले. रोज सकाळी सातला मी चहाचा पहिला घोट घेतो आणि फोन वाजतो. "मास्तर, ऐका." एवढं बोलून ते फोन ट्रंकेला लावायचे. मला घूं घूं असं काहीतरी ऐकू यायचं. मग प्रश्न, "कसा वाटतो आवाज?" आता मी मुरबाडला, चहा निवतोय, शाळेची वेळ होतेय, आणि शेणव्याच्या ट्रंकेतला पंखा कसा वाटतो यावर मी काय मत देणार? मी म्हणायचो, "झकास!" माझा आवाज मुळात जाड, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ते खूश व्हायचे. "झकास ना? बस," म्हणून फोन ठेवायचे. पहिल्या आठवड्यात मी ऐकत तरी होतो. नंतर फोन टेबलावर ठेवून मी पेपर वाचायचो आणि अंदाजाने "झकास" म्हणायचो. दीड वर्ष. पाहुणे असले की मी त्यांना हा किस्सा रंगवून सांगायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. बायको एकदा म्हणाली, "अहो, ऐका तरी नीट, एवढा बिचारा विचारतोय." मी तेही हसण्यावारी नेलं.

या काळात शेणव्याच्या वाऱ्या चालूच होत्या, आणि तिथे दोन गोष्टी मला खटकल्या होत्या. एक म्हणजे ताई गिरणीत हल्ली साडूंना अगदी चिकटून उभ्या राहायच्या आणि मधेच त्यांच्या बरगडीत कोपर मारायच्या. चांगलं सणसणीत कोपर. या वयात, चारचौघांत! मी मान फिरवायचो. दुसरी म्हणजे शेणव्यातली माणसं बोलताना हातवारे फार करायला लागली होती. एक म्हातारी गोणी घेऊन आली आणि तोंडाने "दोन पायली" म्हणताना तिने दोन बोटं अशी नाचवली की मला वाटलं भांडायलाच आली आहे. मी मनात म्हटलं, काय हे गावाचं वळण!

यंदाच्या दसऱ्याला आम्ही दोघं शेणव्याला गेलो. दसऱ्याला साडूंची गिरणी बंद असते. ती धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून तिची पूजा होते, आणि ज्यांचं भात तिथे भरडलं जातं ती सगळी माणसं खोबरं-साखरेला येतात. आधी गिरणीची पूजा झाली. मग साडू म्हणाले, "आता ट्रंक." गिरणी बंद ठेवली तरी ट्रंक त्यांनी चालूच ठेवली होती. ताईंनी पडद्यावर नवा टॉवेल पांघरला, त्यावर कुंकू लावलं, पुढे नारळ ठेवला. साडूंनी झेंडूचा जाडजूड हार घेतला आणि ट्रंकेच्या बरोबर तोंडावर, सरदार आणि मोराच्या वरून, मोठ्या प्रेमाने चढवला. यंत्राला हार घालायचा तर तोंडावरच घालणार ना! ते तोंड वारा ओढतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, पण पूजेच्या वेळी ते कुणाच्या ध्यानात येतं? आरती झाली. टाळ थांबले, टाळ्या थांबल्या.

आणि त्या शांततेत खोलीभर आवाज ऐकू आला. टर्रर्र. टर्रर्र. खट. टर्रर्र.

हाराचा दोरा सरदाराने आत ओढून घेतला होता. पाती अडकून नुसती फडफडत होती. तो आवाज दारातल्या पोरांनी ऐकला, उंबऱ्यातल्या बायांनी ऐकला, माझ्या बायकोने दचकून माझा हात धरला. साडू हात जोडून, डोळे मिटून, प्रसन्न हसत उभे होते. मग त्यांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे अभिमानाने बघितलं आणि म्हणाले, "बगा, कसा गुमान चाललाय." आणि माझ्याकडे वळून, "मास्तर, सांगा यांना. कसा वाटतो आवाज?"

 नजर त्यांच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली. वरच्या ओळींत डावा आकडा आणि उजवा आकडा जवळजवळ सारखेच होते. थोडं खाली शंभराचा फरक. आणखी खाली, डावीकडे आठशे, उजवीकडे चौदाशे. त्याच्याही खाली डावीकडे आकडाच नव्हता, रोज नुसती एक आडवी रेघ. रेघ, चौदाशे. रेघ, तेराशे साठ. रेघांची सुरुवात झाली तेव्हाच कधीतरी मला येणारे फोन सुरू झाले होते. हा माणूस मला पंखे ऐकवत नव्हता. हा माझ्याकडे कान मागत होता, कारण मी लांब मुरबाडला राहतो आणि शेणव्यात बोभाटा होणार नाही. आणि मी पेपर वाचत "झकास" म्हणत होतो! इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

सवयीने तोंडात "झकास" आलंच होतं. म्हणून टाकावं, एवढ्या माणसांत त्यांची लाज राखावी, असंही वाटलं. पण पंधरा-वीस दिवसांत गिरणीचा हंगाम सुरू होणार होता. शिट्टी वाजली तरी जाणार नव्हती कानात, आणि हात पट्ट्यापाशी. मी माझ्या शेवटच्या बाकाच्या आवाजात म्हटलं, "दादा, सरदार अडकलाय."

 त्यांनी पडद्यावरचा टॉवेल उचलला. मोरा अकराशे, हरण्या बाराशे, बाळ्या बाराशे दहा. सरदार शून्य. त्यांनी ट्रंक बंद केली, खाली बसले आणि नखाने दोरा सोडवायला लागले. झेंडूच्या पाकळ्या मांडीवर पडत होत्या.  दोरा निघाला तसे ते उठले, गिरणीत गेले आणि खुंटीवरचं पितळी कुलूप घेऊन आले. "बोललो होतो ना," एवढंच म्हणाले.

"ठेवा ते खाली," ताई म्हणाल्या. आणि नीट त्यांच्यासमोर येऊन, तोंड दिसेल असं, मोठ्याने बोलल्या, "पट्टा सुटतो तवा तुमच्या बरगडीत कोपर कोन मारतंय? दीड वर्स झालं, माजं कोपर सुजलं."

साडूंना धक्का बसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. "म्हंजे... तुला म्हाइत होतं?"

"मला एकटीला?" ताईंनी दाराकडे बोट केलं.

उंबऱ्यातली ती दोन पायलीवाली म्हातारी पुढे झाली. दोन्ही हात नाचवत म्हणाली, "अरे, म्हनून तं आमी तुज्याशी हात करून बोलतो! आम्हाला काय येड लागलंय?"

आख्ख्या शेणव्याला माहीत होतं. गावाला ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं ते दोघांना, एक लपवणारा आणि दुसरा मी, ज्याला रोज सकाळी फोनवरून सांगितलं जात होतं. मी कोंड्याच्या पोत्यावर बसलो.  शेवटी ताईंनीच साडूंच्या हातातलं कुलूप काढून घेतलं आणि परत खुंटीला टांगलं. मग सगळ्यांना खोबरं-साखर वाटली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वाटली.

गिरणी चालू आहे. कान ताईंचा आणि हात साडूंचे. त्या एक बोट वर करतात, हे तेल घालतात. दोन बोटं वर झाली की पट्टा उतरवतात. ठाण्याला जाऊन कान तपासून आले. बारीक आवाज गेलेत, जाड आहेत, असं निघालं. यंत्र लावायला मात्र तयार नाहीत, "कानात आनखी एक मशीन, नि तिची देखरेख कोन करनार?" असं विचारतात. हे त्यांनी विचारावं!

मला फोन मात्र बंद झाला. दसऱ्यानंतर आठ दिवस मी सातला कप हातात धरून बसायचो आणि चहा गोड लागेना. नवव्या दिवशी मीच लावला. "दादा, आज ऐकवणार नाय का?"

 साडू म्हणाले, "कशाला मास्तर? तुमी झकासच म्हननार."

म्हणजे तेही त्यांना माहीत होतं.  मी म्हटलं, "लावा फोन ट्रंकेला. नीट ऐकतो." डोळे मिटले, मन लावून ऐकलं आणि सांगितलं, "सरदार, नऊशे."

"चौदाशे," साडू म्हणाले. "मास्तर, गिरणी टाकायच्या भानगडीत पडू नका."

पण दुसऱ्या दिवशी फोन आला. तिसऱ्या दिवशीही. आता मी चहाच्या आधी फोन घेतो. पाचशेच्या फरकावरून मी शंभरावर आलो, मागच्या आठवड्यात एकदा चाळीसवर. दिवाळीत शेणव्याला गेलो तेव्हा भिंतीवर डावीकडच्या रेघा संपून पुन्हा आकडे सुरू झालेले दिसले. अक्षर साडूंचं, आकडे माझे. बहुतेक चुकलेले. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते ट्रंक पुसण्यात गढल्यासारखं दाखवत होते. 

आज सकाळी आकडा सांगून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला नाही. जरा घुटमळले. म्हणाले, "मास्तर, सरदाराच्या आवाजात आदी एक बारीक शिट्टी असायची. फेरा पुरा होताना. अजून हाय का?"

मी पुन्हा ऐकलं. "आहे."

"कशी?"

बायको चहा घेऊन दारात आली होती. मी फोन तोंडाशी घेतला आणि ती बारीक शिट्टी माझ्या जाड आवाजात, त्यांना ऐकू जाईल अशी, घशातून काढून दाखवली. एकदा, मग दुसऱ्यांदा, थोडी खाली उतरवून. बायकोच्या हातातली बशी हिंदकळली.

"हां," साडू पलीकडून म्हणाले. "तोच तो. आनखी एकदा करा."